म्हाताऱ्या फॉस्टर कुत्र्याची रात्रीची येरझार आणि घरातली लघवी : बरी होऊन पुन्हा उलटणारी अडचण

रस्त्यावरून उचललेले किंवा मालकाने सोडून दिलेले, दहा वर्षांच्या पुढचे कुत्रे फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत तात्पुरते सांभाळण्यासाठी, घरी आले की पहिले काही दिवस ते कोपऱ्यात निपचित पडून राहते आणि घरच्यांना वाटते की जनावर शांत आहे. अंगात थोडी ताकद येते, भीती मोडते आणि मग रात्री दोन-अडीचच्या सुमारास फरशीवर नखांची टकटक सुरू होते. कुत्रे या खोलीतून त्या खोलीत फिरते, मध्येच भिंतीकडे तोंड करून उभे राहते, कण्हते, भुंकते आणि सकाळी सोप्यात किंवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी लघवीचे थारोळे सापडते. डॉक्टरांकडे नेऊन गोळ्या आणल्या की आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि तोच प्रकार पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा भागांत, जिथे दोन घरांच्या मधे एकच भिंत असते, तिथे ही गोष्ट चार दिवसांत गल्लीची होते आणि सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला कोणी तरी थांबवून विचारतेच, ‘काय वो, रातभर कुत्रं का वरडतंय तुमचं?’

बहुतेक फॉस्टर घरे याच टप्प्यावर हात टेकतात आणि ‘ह्याला सवयच वाईट आहे’ असे सांगून कुत्रे परत पाठवतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत सवय हे निदान सर्वांत शेवटी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात एका तक्रारीमागे एकच कारण असण्याची शक्यता कमी असते. सांधे दुखत असतात, मूत्रपिंडे थकलेली असतात, नजर मंदावलेली असते आणि त्यात घर नवे असते. गोळीने यांतले एक कारण दबते, बाकीची तशीच राहतात, म्हणून अडचण ‘उलटली’ असे वाटते. ती मुळात पूर्ण गेलेलीच नसते. कारणे एकेक करून वेगळी काढण्याचा जो क्रम मला उपयोगी वाटतो, तो पुढे दिला आहे.

आधी वही, मग दवाखाना

दवाखान्यात जाण्यापूर्वी चार-पाच दिवसांची नोंद हातात असली, तर तपासणीचा निम्मा वेळ आणि बराच खर्च वाचतो. लघवी किती वाजता झाली, कोठे झाली, कुत्रे त्या वेळी जागे होते की झोपलेले, एकदम मोठे थारोळे होते की थेंबाथेंबाने ओल पसरली होती, त्या दिवशी काय खाल्ले, कोणती गोळी कधी दिली, बाहेर पाऊस होता का, मोठा आवाज झाला होता का, एवढे लिहिले तरी पुरते. मोबाईलवर रात्रीचे दोन-तीन छोटे व्हिडिओ जरूर काढावेत, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेले कुत्रे लंगडतही नाही आणि धापाही टाकत नाही.

या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न झोप आणि जाग यांचा आहे. कुत्रे झोपेतून उठले आणि अंथरुणावर, मागच्या पायांवर ओल दिसली, पण लघवी झाल्याचे त्याच्या गावीही नव्हते, तर ती गळती आहे. कुत्रे उठून फिरले, जागा शोधली, बसले आणि मग लघवी केली, तर त्याला लघवीची जाणीव आहे, पण धरून ठेवता येत नाही किंवा बाहेर जाता येत नाही. या दोन्हींची कारणे वेगळी आणि उपचारही वेगळे आहेत. दोन्हींवर ‘लघवीची गोळी’ असे एकच औषध मागणे व्यर्थ आहे.

पाणी मोजणे हे दुसरे काम, आणि ते घरीच होते. सकाळी मापाच्या बाटलीने भांडे भरावे, दिवसभर जेवढे पाणी घालावे तेवढे लिहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी वजा करावे. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलीलिटर पाणी ठीक मानले जाते. दर किलोला १०० मिलीलिटरच्या वर गेले तर ते जास्त. म्हणजे पंधरा किलोचे कुत्रे रोज दीड लिटरहून अधिक पाणी पीत असेल, तर रात्रीच्या लघवीचा दोष त्याच्या वळणाला देण्यात अर्थ नाही; एवढे पाणी कोठे तरी बाहेर पडणारच. ताक-भात, रस्सा असे पातळ अन्न दिले जात असेल तर पाण्याचा आकडा कमी दिसतो, हेही ध्यानात असावे. येथे एक कळकळीची सूचना आहे. रात्री लघवी करते म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवणे हा उपाय पुष्कळ जण सांगतात. मूत्रपिंडे अशक्त असलेल्या कुत्र्याला त्याने थेट इजा होते, कारण त्याचे शरीर पाणी राखून ठेवू शकत नाही. पाणी चोवीस तास समोर हवे.

लघवीचा नमुना कसा घ्यावा

रक्ततपासणी सगळे करून आणतात, पण लघवीची तपासणी राहून जाते, आणि या तक्रारीत खरी माहिती तिच्यातूनच मिळते. सकाळची पहिली लघवी हवी. नर कुत्र्याचा नमुना उभ्याने घेता येतो. मादी खाली बसते, त्यामुळे लांब दांड्याची, चपट्या तोंडाची पळी उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवावी, मादी बसून धार सुरू झाली की मागून, तिच्या नजरेला न येता, पळी अलगद खाली सरकवावी आणि मधली धार पकडावी. आधी सरकवली तर ती दचकून उठते आणि मग अर्धा तास बसत नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत दोन चमचे लघवीही पुरते. ती एक-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी, नाही तर तोवर फ्रिजमध्ये ठेवावी.

विशिष्ट गुरुत्व म्हणजे लघवी किती घट्ट आहे त्याचा आकडा; प्रयोगशाळेला ‘विशिष्ट गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटरने पाहा’ असे आवर्जून सांगावे. माणसांसाठीच्या रंगपट्टीवरचा हा आकडा कुत्र्यांत भरवशाचा नसतो. पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा रकानाही तसाच फसवा. कुत्र्यात गुरुत्व १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंडे लघवी नीट घट्ट करत आहेत असे धरतात, आणि ते पुन्हा पुन्हा १.००८ ते १.०१२ च्या दरम्यान येत असेल तर ती क्षमता गेली असावी असा संशय येतो. रक्ततपासणीत मूत्रपिंडांचे काम ज्यावरून पाहतात, तो क्रिएटिनिनचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि हाडांचा सापळा झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात स्नायूच उरलेले नसतात, त्यामुळे मूत्रपिंडे बिघडलेली असूनही आकडा मर्यादेत दिसू शकतो.

लघवीत संसर्ग सापडला तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून तो कोणता आहे हे ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना द्यावा. कल्चरसाठी डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून काढलेला नमुना सर्वांत खात्रीचा. अंदाजाने दिलेल्या गोळीने जंतू दबतात, दोन आठवड्यांनी पुन्हा वाढतात आणि ‘तेच परत झाले’ या तक्रारीचे हे फार नेहमीचे मूळ आहे. मधुमेह किंवा मूतखडा असेल तर संसर्ग वारंवार होतो, म्हणून दुसऱ्यांदा संसर्ग झाल्यास सोनोग्राफी टाळू नये.

कारणांची चाळणी

सर्वांत आधी चालू औषधे तपासावीत. रस्त्यावरच्या कुत्र्याला खाज-गजकर्णासाठी कोणी तरी प्रेडनिसोलोन चालू केलेले असते आणि फॉस्टरच्या हाती फक्त अर्धी पट्टी येते. या गोळीने तहान, भूक आणि लघवी तिन्ही वाढतात. फिटच्या गोळ्यांपैकी फेनोबार्बिटोन आणि हृदयासाठी दिलेले फ्युरोसेमाइड यांनीही लघवी वाढते. मात्र म्हणून यांतली कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. फेनोबार्बिटोन एकदम थांबवले तर जोराच्या फिट येऊ शकतात आणि बरेच दिवस दिलेले प्रेडनिसोलोनही टप्प्याटप्प्यानेच उतरवावे लागते.

त्यानंतर कान पाहावा. नसबंदी मोहिमेत शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी खाच केलेली असते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्येही ही खूण सांगितलेली आहे. फॉस्टरसाठी ही छोटी खाच मोठी माहिती देते. खाच असलेली मादी झोपेत ओली होत असेल, तर नसबंदीनंतर काही माद्यांत पुढे कधी तरी मूत्रद्वाराचा स्नायू सैल पडतो, तो प्रकार असण्याची शक्यता बरीच असते. त्यावर नेमकी औषधे आहेत आणि त्यांचा गुण चांगला येतो, पण ती बहुधा कायम द्यावी लागतात. गुण आला म्हणून गोळी थांबवली आणि गळती परतली, हा प्रकार तर सर्रास घडतो. उलट खाच नसलेली म्हातारी मादी, जिचा माज महिना-दोन महिन्यांपूर्वी होऊन गेला आहे, एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडले, मागून चिकट किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्राव दिसला नाही तरी धोका टळत नाही, कारण गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर पू आतच साठतो.

नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नराची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, त्यामुळे तो वारंवार थोडी थोडी लघवी करतो आणि शौचालाही कुंथतो. लघवीत रक्त दिसले म्हणून आणलेल्या भटक्या कुत्र्यांत काही वेळा रक्त लघवीतले नसतेच. जननेंद्रियावरची संसर्गाने पसरणारी गाठ, जिला डॉक्टर टीव्हीटी म्हणतात, ती थेंबथेंब रक्त गाळत असते. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत ती वरचेवर आढळते आणि आठवड्याला एक याप्रमाणे दिलेल्या व्हिनक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, म्हणून ‘गाठ’ या शब्दाने घाबरून जाऊ नये.

गोचीड तापाकडे या तक्रारीच्या संदर्भात कोणी पाहत नाही, पण पाहावे. एर्लिकिया हा गोचिडीतून येणारा जंतू अंगात महिनोन्महिने दडून राहू शकतो. त्याने प्लेटलेट उतरतात, सांधे दुखतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि कुत्रे तिसऱ्याच दिवशी शेपूट हलवू लागते, त्यामुळे तो हमखास अर्धवट सोडला जातो. ही गोळी कोरड्या घशात अडकली तर अन्ननलिकेला व्रण पडतो, म्हणून जेवणाबरोबर द्यावी आणि वरून पाणी पाजावे.

पावसाळ्यात किंवा पूर ओसरल्यावर आणलेल्या कुत्र्याला ताप, उलट्या, पिवळे डोळे आणि जास्त किंवा अगदीच कमी लघवी अशी लक्षणे असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची तपासणी मागावी. हा रोग लघवीतून माणसालाही होतो, तेव्हा निदान होईपर्यंत लघवी पुसताना रबरी हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

दुखणे रात्रीच का जागे होते

माझ्या पाहण्यात रात्रीच्या येरझारेचे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण दुखणे हेच आहे. म्हातारे कुत्रे दुखते म्हणून ओरडत नाही. दिवसा माणसांची ये-जा, वास, आवाज यांत ते गुंतलेले असते. रात्री सगळे निजले की आखडलेल्या कमरेने ते एका कुशीवर पडते, दहा मिनिटांत उठते, गोल फिरते, दुसऱ्या कुशीवर पडते, धापा टाकते आणि शेवटी चालत राहते, कारण पडून राहण्यापेक्षा चालणे त्याला सुसह्य वाटते. मनगटाच्या सांध्यावरचे केस चाटून तांबूस झाले आहेत का, खाली बसताना ते शेवटचे चार बोटे अंतर धपकन सोडून देते का, लघवीला बसताना मागचे पाय थरथरतात का, हे पाहावे. पाय थरथरत असतील तर ते मूत्राशय पूर्ण रिकामे होईपर्यंत बसूच शकत नाही. अर्धी लघवी करून उठते आणि उरलेली दोन तासांनी घरात होते. बाहेर नेऊन आणले तरी घरात केली, म्हणून मार खाणारी कितीतरी कुत्री याच वर्गातली असतात.

दुखणे आहे की नाही याची खात्री करण्याची एक सरळ वाट आहे : मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे वेदनाशामक द्यायचे आणि आधीचे व नंतरचे रात्रीचे व्हिडिओ शेजारी ठेवून पाहायचे. झोप सुधारली तर उत्तर मिळाले. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. पहिल्या दोन्हींनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर तिसऱ्याने यकृत बिघडते. मेलॉक्सिकॅमसारखे कुत्र्यांसाठी वापरले जाणारे औषधही प्रेडनिसोलोनबरोबर देत नाहीत, म्हणून आधीची पट्टी डॉक्टरांना दाखवावीच.

औषधाइतकाच फरक फरशीने पडतो. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि एकदा घसरलेले कुत्रे दाराकडे जाण्याचे धाडसच करत नाही. अंथरूण, पाणी आणि दार यांना जोडणारी रबरी मॅटची किंवा जुन्या योगा मॅटची सलग पट्टी घालावी, वाढलेली नखे कापावीत, तळव्यांमधले केस काढावेत. आतल्या बाजूच्या अंगठ्याचे नख जमिनीला लागत नसल्यामुळे झिजत नाही आणि गोल वळून मांसात रुतते. ते एकदा चाचपून पाहिलेले बरे.

झोपेतला श्वासही मोजावा. गाढ झोपेत असताना तीस सेकंद छातीची हालचाल मोजून दुप्पट करावी. मिनिटाला ३० च्या वर आकडा सतत येत असेल, शिवाय पडल्यावर खोकला येत असेल, तर येरझारेचे कारण हृदय किंवा फुप्फुसे असू शकतात, आणि अशा कुत्र्याला झोपेचे औषध देणे धोक्याचे आहे.

डोळे, कान, डोके

डोळ्यांत निळसर झाक दिसली म्हणजे कुत्रे आंधळे झाले असे नाही. वयाने भिंग कडक होऊन अशी झाक येते आणि तिच्यातून बऱ्यापैकी दिसते, फक्त अंधारात नजर कमी पडते. पांढराशुभ्र, दुधी मोतीबिंदू वेगळा, आणि तो झपाट्याने वाढला तर साखर तपासावी. कोणतेही कारण असो, पॅसेजमध्ये एक मंद दिवा रात्रभर ठेवल्याने येरझार कमी होते आणि या उपायाला खर्च जवळजवळ नाही. बहिरे झालेले कुत्रे स्वतःचे भुंकणे ऐकू शकत नाही, त्यामुळे ते एकाच सुरात आणि फार मोठ्याने भुंकते. त्याला हाक मारून उपयोग नसतो. जवळ जाऊन जमिनीवर हलके थोपटावे, हात हुंगू द्यावा आणि मगच अंगाला स्पर्श करावा. झोपेत अचानक हात लावल्यामुळे चावलेले कुत्रे आक्रमक ठरवले जाते, हा त्याच्यावर अन्याय आहे.

वरचे सगळे तपासून झाल्यावर मेंदूच्या वार्धक्याचा विचार करावा. कुत्रे दाराच्या उघडणाऱ्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला जाऊन उभे राहते, सोफ्यामागे शिरते आणि मागे फिरता येत नाही म्हणून तिथेच भुंकते, ओळखीच्या माणसाकडे परके असल्यासारखे पाहते, दिवसा झोपते आणि रात्री जागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशा बिघाडाचा निदान एक तरी प्रकार आढळला होता. हा बिघाड पूर्ण बरा होत नाही. सेलेजिलिनसारखी औषधे डॉक्टर काही कुत्र्यांना देतात, परंतु मोठा आधार ठरलेल्या दिनक्रमाचा असतो. दुपारची झोप मोडून उन्हात थोडे फिरवणे, हुंगून खाऊ शोधायला लावणे, संध्याकाळी सातपर्यंत जेवण, झोपण्याआधी लघवीची शेवटची फेरी आणि फर्निचर जागचे न हलवणे, इतके पाळले तरी रात्रीत फरक दिसतो.

मान एकाएकी वाकडी झाली, डोळ्यांची बुबुळे डावी-उजवीकडे थरथरू लागली आणि कुत्रे एका बाजूला कलंडू लागले, तर लोक ‘लकवा मारला’ म्हणून आशा सोडतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाचा असा झटका येतो आणि तो बहुधा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. डॉक्टरांना लगेच दाखवावे, पण त्याच दिवशी दयामरणाचा शेवटचा निर्णय घेण्याची घाई करू नये.

खोडी आणि घरातली व्यवस्था

शरीराची कारणे चाळून झाल्यावर जे उरते त्याला मी खोडी म्हणेन, आणि खोडीमागेही बहुतेक वेळा कुत्र्याचे जुने आयुष्य असते. आमच्याकडे मार्केट यार्डातून आलेल्या राणीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिच्या सांध्यांवर उपचार झाले, लघवीचा अहवाल स्वच्छ आला, येरझार थांबली, तरी दाराशी ठेवलेल्या तागाच्या पायपुसण्यावरच ती न चुकता लघवी करत असे. ती सगळे आयुष्य गुळाच्या गाळ्यांच्या आसपास, गोणपाटांच्या ढिगाऱ्यात राहिलेली होती, आणि पायाखाली तागाचा खरखरीत स्पर्श झाला की लघवीला बसायचे हे तिच्या अंगात मुरलेले होते. पायपुसणे उचलले आणि तोच तागाचा तुकडा मागच्या गॅलरीत पसरट ट्रेमध्ये माती घालून त्यावर अंथरला, तेव्हा ती आपण होऊन तिकडे जाऊ लागली. तिला ओरडून हे कधीच साधले नसते. आपले कुत्रे नेमके कोठे लघवी करते यापेक्षा कशावर करते हे पाहिले, तर असा मार्ग सापडतो.

कोल्हापूरचा पावसाळा हा या अडचणीचा वार्षिक मुहूर्तच म्हणावा लागेल. जुलैत पावसाने झड धरली की म्हातारे कुत्रे उंबऱ्यावरूनच परत फिरते, दिवसभर लघवी धरते आणि रात्री सोडते. त्यातच ओलाव्याने सांधे आखडतात. जून लागण्यापूर्वीच छज्ज्याखाली किंवा गॅलरीत मातीचा, जमल्यास लॉनच्या तुकड्याचा ट्रे ठेवून त्याची सवय लावावी. अंथरूण फरशीपासून थोडे उंच, रेक्झिनच्या खोळीची गादी आणि वर सहज धुता येणारी सतरंजी असे असावे. गोधड्या चार दिवस वाळत नाहीत, म्हणून मेडिकलमध्ये रुग्णांसाठी मिळणारी अंडरपॅड पावसाळ्यात सोयीची पडतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या भागात राहणाऱ्या फॉस्टरने पाणी ३९ फुटांकडे सरकू लागताच कुत्र्याच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, कागदपत्रे आणि पट्टा एका पिशवीत भरून ठेवावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांसारखे रस्ते बंद झाले तर फिटच्या गोळीला पर्याय मिळत नाही.

गणपती विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी म्हातारे कुत्रे आदल्या दिवशीच उपनगरातल्या ओळखीच्या घरी हलवावे. बहिऱ्या कुत्र्यालाही ध्वनियंत्रणेचे हादरे जमिनीतून जाणवतात.

खाण्याविषयी थोडेच, कारण ते अनेकांना रुचणार नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. त्यातली शिजलेली हाडे तुकडे होऊन आतड्यात अडकतात आणि तुपकट रश्श्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. गंगावेशीच्या कट्ट्यावरचे म्हशीचे घट्ट दूध माणसाला कितीही मानवत असले, तरी वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि पहाटेच्या जुलाबाचे मूळ रात्रीच्या वाटीभर दुधात निघते. शेजाऱ्यांचे प्रेम रोखणे अवघड असते. ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय’ हे वाक्य मात्र सगळीकडे चालते.

लघवीची जागा फिनेलने पुसू नये. आपल्या नाकाला वास गेला असे वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो आणि ते तिथेच परत बसते. लघवीवर ब्लीच ओतल्याने घातक वाफा निघतात. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमयुक्त क्लीनर उत्तम. तो नसेल तर आधी पाण्याने धुऊन मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसावे.

पुन्हा उलटले तर

सुधारलेली तक्रार परत आली की औषध बदलण्याआधी वहीतली शेवटची चांगली रात्र शोधावी आणि त्यानंतर काय बदलले ते पाहावे. कोर्स संपला का, गोळीची मात्रा उतरवली का, पाहुणे आले का, पलंग हलवला का, पाऊस सुरू झाला का. बदल सापडला नाही तर पाणी पुन्हा मोजावे आणि लघवीची तपासणी पुन्हा करावी, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचा तीन महिन्यांपूर्वीचा अहवाल जुना झालेला असतो. एका वेळी एकच उपाय बदलावा. गोळी, गादी आणि जेवणाची वेळ एकदम बदलली तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. स्थानिक डॉक्टरांना निदान लागत नसेल, तर पुणे–बेंगळुरू महामार्गावर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाताना सगळे अहवाल आणि वही बरोबर न्यावी.

काही लक्षणांत मात्र वही बाजूला ठेवून तत्काळ निघावे : कुत्रे वारंवार बसते पण लघवीचा थेंबही येत नाही, पोट फुगून कोरडे ओकारे येतात, हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत, फिट पाच मिनिटांहून अधिक चालली आहे किंवा नाकातून रक्त थांबत नाही.

फॉस्टर म्हणून आणखी एक बाब कुत्रे घरी आणण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. कुत्रे कायद्याने आणि व्यवहाराने ज्यांच्या ताब्यात आहे, त्या संस्थेशी किंवा व्यक्तीशी तपासण्यांचा खर्च कोण देणार, रात्री-अपरात्री निर्णय कोण घेणार आणि असाध्य दुखण्यात शेवटचा निर्णय कोणाचा, हे लेखी असावे. व्हॉट्सअॅपवरचा स्पष्ट संदेशही चालतो. आणि दत्तक घेणारे घर मिळाले की गोळ्यांच्या यादीबरोबर ती वहीही द्यावी. तिच्या पहिल्या पानावर रोज किती पाणी पिते, झोपेत श्वास किती असतो, कोणत्या औषधाने त्रास झाला, कशावर लघवी करते आणि झोपेतून कसे उठवायचे, एवढे ठळक अक्षरांत लिहावे, म्हणजे नव्या घरात पहिल्याच वाईट रात्री कुत्रे परत पाठवण्याची वेळ येत नाही.